जमीन जमवते जोडी!

बुरशी म्हटलं की आठवतो शिळा पाव, ओलसर भिंत आणि पावसाळ्यात कपाटात विसरलेला चामडी बूट. पण माहीत आहे का, तुमच्या ताटातला कांदा, तूर, ज्वारी या सगळ्यांच्या मुळांत एक बुरशी अगदी सुखाने नांदत असते? मूळ आणि बुरशीच्या या जोडीचं नाव मायकोरायझा. ही बुरशी मुळावर उठणारी नव्हे, मुळाला उठवणारी!

डील एकदम क्लिअर आहे. झाड देतं साखर आणि स्निग्ध पदार्थ. बुरशी देते स्फुरद, जस्त आणि थोडं पाणीही. तिचे धागे मुळांवरच्या केसांहूनही बारीक असतात, त्यामुळे जिथे मूळ पोचत नाही तिथे ते बिनधास्त घुसतात. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींनी ही पार्टनरशिप केलेली आहे. फक्त पार्टनर कोणता आणि तो किती कामाचा, यात मातीचा शब्द मोठा!

दोस्ती किती जुनी, माहीत आहे का? स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यातल्या काहींना धड मुळंही नव्हती, पण आत बुरशी होती. म्हणजे मुळं आली नंतर, मैत्री झाली आधी!

आता चला कोकणात. तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतात. घाट चढून देशावर या, काळी माती! इथे तेच काम कॅल्शियम करतं. रंग वेगळे, कंजूषपणा सारखाच. अशा दोन्ही जमिनींत बुरशी लांबवर हात मारून स्फुरद गोळा करते. फक्त कामगार बदलतात: आम्ल मातीत ॲकॉलोस्पोरा या गटातल्या बुरश्या जास्त भेटतात, वाळूत गिगास्पोराची चलती असते.

गिगास्पोरा म्हणजे या मंडळींतला हेवीवेट. गोव्याच्या किनाऱ्यावर मर्यादवेल पसरलेली असते ना, तशा वाळूच्या टेकड्यांवर हा हमखास भेटतो. त्याचे बीजाणू बारीक रव्याच्या कणाएवढे, चक्क नुसत्या डोळ्यांना दिसणारे!

भाताचं काय? चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरात बुरशीला प्राणवायू कमी पडतो, मग तिचा जोर ओसरतो. वरकस जमिनीवरच्या नाचणीची मात्र मजा!

आणि आता काळ्या मातीची सगळ्यात भारी गोष्ट. तीही थेट ऑस्ट्रेलियातून! क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे. तिथले शेतकरी ओल साठवायला शेत दीर्घकाळ पड ठेवायचे, तणही उगवू द्यायचे नाहीत. जमिनीत पाणी भरपूर, नत्र भरपूर. पीक जोरदार यायला हवं की नाही? आलं खुरटलेलं! स्फुरद कमी, जस्त कमी. या कोड्याला नाव पडलं ‘लाँग फॅलो डिसऑर्डर’. 1987 मध्ये जे. पी. थॉम्पसन या संशोधकाने गुन्हेगार शोधला, आणि तो निघाला उपवास! शेतात जिवंत मूळच नाही, मग बुरशीने जगायचं कशावर? जवस, मका, सूर्यफूल यांना मोठा फटका बसला. सोलापूरकडेही खोल काळ्या जमिनीत खरिपात पड ठेवून रब्बीत ज्वारी घेतात, पण ती पड काही महिन्यांची. तिकडची वर्षभर, कधी त्याहून लांब.

या दोस्तीला ‘नो थँक्यू’ म्हणणारीही पिकं आहेत, माहीत आहे का? कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट. आणि मुळा! नावातच मूळ, पण मुळात ही बुरशी नाही! उलट कांदा तिचा जबरा फॅन. त्याची मुळं जाड आणि जवळपास बिनकेसांची, त्यामुळे त्याला मदतनीस हवाच. कोबीच्या शेतात बुरशी उपाशीच, म्हणून कोबीनंतर कांदा लावणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

थोडं श्रीमंतांच्या ताटाकडे वळू. फ्रान्सचं काळं ट्रफल हीसुद्धा ओक आणि हेझलच्या मुळांवर जगणारी बुरशी. तिला चुनखडीची जमीन लागते, सामू साधारण साडेसात ते साडेआठ. न्यूझीलंडची माती बरीच आम्ल. म्हणून तिथे चुना टाकून जमीन तयार केली आणि 1993 मध्ये दक्षिण गोलार्धातलं पहिलं काळं ट्रफल निघालं. खूण बघा कशी: जिथे ट्रफल जम बसवतं, तिथे झाडाभोवतीचं गवत जळाल्यासारखं होतं. गंमत म्हणजे ‘मायकोरायझा’ हे नाव ट्रफलमुळेच मिळालं. प्रशियाच्या सरकारला ट्रफलची शेती हवी होती, अल्बर्ट फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाला कामाला लावलं, आणि 1885 मध्ये त्याने मुळाबुरशीच्या या जोडीचं बारसं केलं.

प्वेर्तो रिकोत तर पाइनची रोपं वाढायलाच तयार नव्हती. माती होती, पाऊस होता, पार्टनर नव्हता. अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली, आणि रोपं सुसाट!

एक शेवटचा धक्का. जमिनीत स्फुरद कमी पडलं की भुकेली मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात. 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की या हाकेने बुरशीच्या धाग्यांना फांद्या फुटतात. पण हाक आणखी कोण ऐकतं, माहीत आहे का? ज्वारीच्या मुळांतून रस शोषणारा टारफुला! त्याचं बी याच इशाऱ्याची वाट बघत वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. म्हणूनच हलक्या, उपाशी जमिनीतल्या ज्वारीला तो जास्त छळतो.