एक तास आणि उरलेला आठवडा

‘व्यवसायोपचार’ हा मराठी शब्द थोडा फसवा आहे. व्यवसाय म्हटले की पोटापाण्याचा उद्योग डोळ्यांपुढे येतो. या शास्त्राला मात्र माणसाचे रोजचे करणे-सवरणे अभिप्रेत आहे. आठ वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे शर्टाची बटणे लावणे, चार मुलांत बसून जेवणे, रांगेत थांबणे, खेळणे. मुंबईला हा विषय नवा नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. १९५२ मध्ये या तज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. स्वमग्न मुलांच्या विशेष शाळांत मात्र या शास्त्राचे मोल बहुधा एकाच मापाने ठरते : आठवड्याला किती तास थेरपी. माझ्या मते हे मापच चुकीचे आहे. शाळेतल्या प्रमुख व्यवसायोपचारतज्ज्ञाचा मुख्य रुग्ण, असे म्हटले तर चालेल, शाळेचा दिवस हा आहे. पुढचा बराचसा पुरावा ब्रिटनमधला आहे, कारण हा प्रश्न तिथे चाचण्यांच्या कसोटीवर घासून पाहिला गेला.

तासांचे माप एकाएकी आलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदनांच्या एकात्मीकरणाची मांडणी केली आणि झोके, उतरणी, दोऱ्या असलेली थेरपीची खोली रूढ झाली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंब कायद्याने मुलाच्या योजनेत मिळणारी मदत नेमकेपणाने लिहिण्याची पद्धत पक्की केली. ‘वर्गाचे वातावरण सुधारू’ हे वाक्य न्यायाधिकरणापुढे टिकत नाही, ‘आठवड्याला एक तास’ टिकते. पालक तास मोजतात ते हट्टापायी नव्हे. हातात दुसरे काही मोजण्याजोगे दिलेलेच नसते.

या तासाने नेमके काय साधते? कार्डिफ विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चार ते अकरा वर्षांची १३८ स्वमग्न मुले होती. निम्म्यांना संवेदन-एकात्मीकरणाची २६ सत्रे योजली होती, बाकीच्यांना नेहमीची मदत. सहा महिन्यांनी चिडचिड आणि अस्वस्थता यांत दोन गटांमध्ये म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. मात्र उपचार घेतलेल्या गटातल्या पालकांनी स्वतः ठरवलेली रोजची उद्दिष्टे पुढे सरकल्याचे सांगितले. अमेरिकेतल्या ३२ मुलांच्या आधीच्या एका छोट्या चाचणीतही लाभ दिसला तो आधी ठरवलेल्या नेमक्या उद्दिष्टांत आणि स्वतःचे स्वतः करण्यात. पालकांना कोणता उपचार चालू आहे हे ठाऊक असते, तेव्हा त्यांच्या समाधानाला थोडा बट्टा लावावाच लागेल. तरीही मी यातून असे वाचतो की खोलीत मिळालेली शांतता मुलाच्या मागोमाग वर्गात येईल यावर विसंबता येत नाही. एखादी ठरावीक कृती ध्यानात धरून काम केले तर ती सुधारण्याची शक्यता बरी. आणि कृती सुधारायची तर ती जिथे घडते तिथेच हात घालणे सोयीचे.

म्हणून प्रमुखाने जेवणाच्या सभागृहापासून सुरुवात करावी. फरशीवर सरकणाऱ्या खुर्च्या, उकळत्या भाज्यांचा वास, एकाच वेळी सुटलेले सगळे वर्ग : ज्या मुलाला आवाज अंगावर येतो त्याला इथे चमचा धरायला शिकवून काय उपयोग? दहा मिनिटे आधी जेवायला पाठवणे, खुर्च्यांना खालून नमदा लावणे, स्वच्छतागृहातले हात वाळवायचे यंत्र काढून कागदी रुमाल ठेवणे, ही कामे दिसायला शिपायाची वाटतात. ती कोणाकरता, कोणत्या क्रमाने करायची हे ठरवायला मात्र तज्ज्ञाचेच निरीक्षण लागते. कार्डिफमध्येच ४१ स्वमग्न मुलांवर झालेला संवेदन-खोलीचा अभ्यास इथे फार बोलका आहे. दिवे आणि आवाज मुलांच्या ताब्यात दिले तेव्हा त्यांचे लक्ष अधिक लागले आणि त्याच त्या हालचाली कमी झाल्या; बटण मोठ्यांच्या हाती असताना तसे झाले नाही. महागडी उपकरणे विकत घेण्याआधी शाळेने हा निष्कर्ष भिंतीवर लावावा. खरेदीला नकार देणे हाही प्रमुखाच्या कामाचा भाग आहे. वजनदार पांघरुणांचे घ्या : २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत मुलांना आणि पालकांना ती आवडली, पण झोप वाढली नाही.

यावर पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो खरा आहे : ‘सगळ्या शाळेसाठी’ म्हणत माझ्या मुलाचा तास कापाल. पैसा वाचवू पाहणाऱ्या संस्थेच्या हाती ही कल्पना पडली तर तसे होईलही. त्यावर उपाय म्हणजे योजनेत तासांच्या जोडीला कृती लिहिणे : अमुक मूल सत्रअखेरीस सभागृहात पंधरा मिनिटे बसून जेवेल, त्यासाठी कोण काय करील, पाहणी कोण करील. हेही मोजता येते. गिळण्यात अडचण असलेले किंवा स्वतःला इजा करून घेणारे मूल असेल तिथे एकास एक काम लागणारच. ते कोणाला, हे प्रमुखाने ठरवावे, आवाज चढवणाऱ्या पालकाने नव्हे. दुसरा आक्षेप शिक्षकांचा : हा बोजा शेवटी आमच्याच डोक्यावर. सूचनांची यादी हातात देऊन तज्ज्ञ निघून गेला तर शिक्षकांचे बरोबरच आहे. त्याने आठवड्यातले काही तास वर्गात, मदतनीसाच्या शेजारी बसून घालवले पाहिजेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. खोलीतल्या थेरपीला चाचणीची कसोटी लावायची आणि शाळाभर बदल करण्याला सूट द्यायची, हा दुटप्पीपणा नाही का? आहे. शाळाभर बदलांमागचा पुरावा आज अधिक विरळ आहे, आणि १३८ मुलांच्या पद्धतीची चाचणी इथे लागूही पडत नाही, कारण एकाच सभागृहात अर्ध्या मुलांसाठी खुर्च्या शांत करता येत नाहीत. चिठ्ठ्या मुलांच्या नव्हे, शाळांच्या टाकाव्या लागतील. तोवर प्रमुखाने आपल्याच शाळेत बदलाआधी आणि बदलानंतर किती मुले जेवण अर्धवट टाकून उठली याची नोंद ठेवली, तरी पुढच्या पालकसभेत दाखवायला तासांच्या तक्त्याखेरीज काहीतरी असेल.