आवर्तन सुटतं तेव्हा

पांढरकवड्याचा माणूस पाखरं पाहायला निघालो म्हणाला, तरी समोरचा विचारतो वाघाबद्दलच. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं आमचं हे तालुक्याचं गाव उरलेल्या महाराष्ट्राला ठाऊक झालं ते टिपेश्वरमुळे, आणि नंतर अवनीमुळे. टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झालं. १४८ चौरस किलोमीटरचं सागाचं जंगल, आकाराने लहानच. पण वाघ दिसण्याची आशा मोठी, म्हणून सुट्टीच्या दिवसांत सुन्ना गेटवर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. आत पायी फिरायला मनाई, आणि ती असायलाच हवी. जिप्सीत बसायचं, चितळाने कॉल दिला की गाडी तिकडे पळवायची. स्वर्गीय नर्तक समोरच्या फांदीवरून पांढरं शेपूट उडवत गेला, तरी त्याच्यापायी गाडी थांबवा म्हणायची सोय नसते. शेजारच्या पाहुण्यांनी पैसे वाघाचे भरलेले असतात.

त्यामुळे पाखरांचा नाद असलेली आमच्याकडची मोजकी टाळकी गेली पंचवीसेक वर्षं पाय मोकळे करत आली ती सायखेड्याच्या धरणावर.

खुनी नदीवरचं हे मातीचं धरण १९७२ सालचं. भिंत दोन किलोमीटरहून लांब. या टोकाहून त्या टोकाला जायचं आणि खाली उतरून काठाकाठाने परतायचं म्हटलं की अख्खी सकाळ जाते. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग, त्यावर शेपटी हलवणारे धोबी आणि ध्यान लावून बसलेला खंड्या. काठाला बेशरमाची झुडपं माजलेली. त्या बेशरमाला सगळे शिव्या घालतात, पण ढोकरी त्यातच दडते आणि पाणकोंबड्यांची पिल्लंही तिथूनच बाहेर पडतात.

पहिली काही वर्षं आम्हांला एक गोष्ट कळत नव्हती. पावसाळा संपला, तलाव काठोकाठ भरला, थंडी पडली. आता पक्ष्यांची गर्दी व्हायला हवी. तर नोव्हेंबरात भिंतीवरून दिसायचं ते नुसतं पाणी, मधोमध वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके आणि एखादा पाणकावळा. जाळं आवरणाऱ्या एका मासेमाराने ते कोडं एका वाक्यात सोडवलं. "पाणी उतरलं का येतेत ना जी ते. तलाव भरून असला का कायले येतीन?"

खरंच तसं होतं. रब्बीचं आवर्तन सुटतं, कालवा वाहायला लागतो, गहू-हरभरा भिजतो आणि इकडे तलाव काठ सोडून आत सरकतो. मागे उरतो गाळाचा पट्टा. त्या गाळात किडे, अळ्या, शिंपले. डिसेंबर-जानेवारीत हा पट्टा रुंद झाला की तुतवार, चिखल्या, शेकाटे जमतात. चक्रवाकांच्या जोड्या काठाशी उभ्या दिसतात. उथळ पाण्यात थापट्या बदकं चोचीची पळी फिरवत वर्तुळं घालतात.

त्या गाळावर पोटावर पडून छोटा कंठेरी चिखल्या पाहावा. चिमणीएवढा जीव, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. तुरुतुरु पळतो आणि एकदम थबकतो. मग एक पाय किंचित पुढे टाकून ओल्या गाळावर भराभर थरथरवतो. पायाखाली काही वळवळलं की मान तिरकी करून टिपतो, पुन्हा पळतो. हे तो तासन्‌तास करतो. आपली कोपरं थंडगार पडतात, त्याचं काम चालूच.

सुरुवातीच्या काळात दुर्बीण एकच होती आणि ती हातोहात फिरायची. आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर पाखरू उडालेलं असायचं. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश २००२ मध्ये आला आणि वाद घालायला निदान एक पुस्तक मिळालं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिच्या निमित्ताने मोजायची शिस्त लागली. बदकांचा थवा मोजणं हे वाटतं तितकं सोपं नाही. निम्म्यावर यावं तोवर वरून दलदली ससाणा घिरटी घालतो, थवा उठतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मग आली २०१६ ते २०१८ ही वर्षं. राळेगाव-पांढरकवडा टापूत माणसं मरू लागली. टी-१ म्हणजे अवनी या वाघिणीच्या नावावर १३ बळी मांडले गेले. २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हत्ती आले, ड्रोन आले, खास जातीची कुत्री आली, सुगंधी अत्तराचं आमिषही लावून झालं. कापूस वेचणीचे दिवस, पण बाया एकट्या-दुकट्या शेतात जाईनात. अशा वेळी गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे निघणं हे घरच्यांना वेडेपणाचं वाटायचं आणि गावाला उर्मटपणाचं. दोघांचंही बरोबर होतं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. त्यावरून मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या, इकडे काही गावांत फटाके वाजले. या दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय आमचा तालुका कळत नाही. त्या हंगामात सायखेड्याच्या गाळावर कोण उतरलं, कोण नाही, याची नोंद कोणाच्याच वहीत नाही.

पुढच्याच वर्षी टिपेश्वरने आणखी एक करामत केली. इथे जन्मलेला सी-१ हा तरणा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन जून २०१९ मध्ये निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, नांदेड-हिंगोलीकडची शेतं, नाले, रस्ते तुडवत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी चाल मिळून ३,००० किलोमीटरच्या घरात गेली. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं. पदभ्रमणात आमच्या तालुक्याचं नाव त्याच्याइतकं कोणी काढलेलं नाही, काढण्याची शक्यताही दिसत नाही. त्याची बहुतेक चाल राखीव जंगलाबाहेरची होती, हे मला पाखरांच्या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. अभयारण्याची हद्द नकाशावर असते. जनावरं नाला, ओढा, तुरीचं शेत धरून चालतात आणि पाखरं पाण्याची पातळी पाहून उतरतात.

समुद्रकाठचं संरक्षित पाणथळ मी पाहिलं ते भाचीकडे ऐरोलीला गेलो तेव्हा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, सुमारे १७ चौरस किलोमीटरचं. निम्म्याहून थोडं अधिक कांदळवन, बाकी पाणी आणि चिखल. ऑगस्ट २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं. तिथे बोटीची वेळ ठरते ती भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून. तिवरांच्या कडेने बोट बाहेर पडली आणि समोर रोहितांची गुलाबी रांग, माना खाली, चोची उलट्या धरून चिखलपाणी गाळणारी. मागे उंच इमारती, वर विजेच्या तारा, नाकात खाडीचा वास. शहराच्या सांडपाण्यावर शेवाळ पोसलं, शेवाळावर रोहित आले आणि रोहितांमुळे खाडीला संरक्षण मिळालं. ही साखळी ऐकून मला हसू आवरेना. भाची म्हणाली, "मामा, तुमच्याकडे असं काही नाही ना?" मी म्हटलं, आमच्याकडे ओहोटी वर्षातून एकदाच येते, आणि ती चंद्रामुळे नाही, पाटबंधारे खात्यामुळे.

संरक्षण मिळालं म्हणजे सगळं सुरळीत होतं असंही नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. पण तिथे मोजणारे, भांडणारे, कोर्टात जाणारे लोक आहेत, आणि हातात धरायला एक अधिसूचना आहे.

सायखेड्याजवळ तीच नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी व्याख्याच अशी केली की सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्यातून वगळले गेले. म्हणजे पन्नास वर्षं पाणी साठवून, गाळ साचवून, बदकं पोसूनही आमचं धरण सरकारी भाषेत पाणथळ नव्हे. आता गंमत पाहा. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवा संगमाजवळचा, इंग्रजांच्या काळात सिंचनासाठीच घातलेला बंधारा. त्यात गाळ साचला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, पक्षी आले. १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये तेच महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तेव्हा धरणाला पाणथळाचा मान मिळू शकतो. त्यासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं आकडे लिहून ठेवावे लागतात.

सायखेड्याचं अभयारण्य व्हावं असं मात्र मला वाटत नाही. तलावावर मासेमारांचं पोट आहे, कालव्यावर गव्हाचं. पाणी उतरलं की गाळपेर जमिनीवर पिकं घेतली जातात, आणि नेमकी तीच जागा चिखल्याची. तरीही दोघांचं आजवर भागत आलं आहे, कारण पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं आणि रोज थोडा नवा गाळ उघडा पडतो. पाखरांना खरी घरघर लागते ती रात्री विसरून राहिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांनी. ती उचलायला कायदा लागत नाही. मासेमारांशी बोलणं लागतं, आणि ते आम्ही फार उशिरा सुरू केलं.

२०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह झाला; चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. या आठवड्यात शाळेतली पोरं भिंतीवर येतात आणि मोबाइलवर आवाज ओळखणारं ॲप उघडून आमच्याआधी नाव सांगतात. अडचण एवढीच की तेव्हा तलाव भरलेला असतो. सप्ताहाच्या तारखा दोन थोर माणसांच्या, त्यात फेरफार कोण करणार? म्हणून आम्ही पोरांना जानेवारीत पुन्हा बोलावतो.

त्यासाठीची तारीख ठरते ती कालवा सल्लागार समितीची बैठक झाल्यावर. आवर्तनांचं वेळापत्रक कळलं की दुसरं आवर्तन सुटल्यानंतरचा आठवडा आम्ही धरून ठेवतो. ऐरोलीला भरतीचा तक्ता पाहतात तसा आमचा हा तक्ता. यायचं असेल तर उजाडल्यावरच यावं, काठाच्या झुडपांत एकट्याने शिरू नये, आणि गमबूट आपले आपण आणावेत. गाळ गुडघ्यापर्यंत असतो.