पूल दानातून, रविवार लढ्यातून

वांद्र्याहून माहीमला जायला १८४५ पर्यंत होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. पुलासाठी सरकार पैसा काढायला तयार होईना. शेवटी व्यापारी जमशेदजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट एकच घातली: या पुलाच्या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. ही अट मला देणगीच्या रकमेपेक्षा मोठी वाटते. त्या काळी त्या रस्त्याने भाजीची पाटी घेऊन जाणारी बाई आणि बग्गीतला साहेब, दोघांचा हक्क सारखाच झाला.

त्याच वर्षी जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. त्यासाठी जमशेदजींनी लाखभर रुपये दिले होते. नाना शंकरशेट यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली, तीही मुलींना शिकवणं हेच पाप मानलं जात होतं त्या काळात. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, खुद्द प्रेमचंदही बुडाले. पण दिलेला पैसा विद्यापीठाकडे राहिला. त्यातूनच उभा राहिलेला, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला.

या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही हा पैसा आला कुठून, ते सांगायला हवं. जमशेदजींच्या संपत्तीत कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. त्या अफूने तिकडे किती घरं उद्ध्वस्त केली, याची नोंद इथल्या कुठल्याही कोनशिलेवर नाही.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशीच घडली. १८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या. धर्मशाळा, दवाखाने, पाणपोया बांधणाऱ्या या शहराच्या धनिक वर्गाला आपल्याच गिरणीतल्या माणसाला आठवड्याची एक सुट्टी द्यावी, असं तीस-पस्तीस वर्षं वाटलं नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. यातली एकही मागणी दानाची नव्हती, सगळं त्यांच्या घामाचंच होतं. रविवारच्या सुट्टीला गिरणीमालकांनी होकार दिला तो १० जून १८९० रोजी.

दान कुणाला, किती आणि कधी द्यायचं, हे देणारा ठरवतो. देणं मात्र घेणाऱ्याच्या हक्काचं असतं, म्हणून ते हातून सुटताना जड जातं. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईने पहिल्या बाबतीत देशाला वाट दाखवली आणि दुसऱ्या बाबतीत आपल्याच माणसांना ताटकळत ठेवलं.

२०१३ च्या कंपनी कायद्याने दानाचंही कर्तव्य केलं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. हे चांगलंच झालं. त्यातून गावोगावी शाळांच्या खोल्या, शौचालयं, पाण्याच्या टाक्या झाल्या आहेत. पण काम कोणतं निवडायचं, हे आजही कंपनीच ठरवते. तेव्हा एखाद्या कंपनीचा सीएसआरचा गुळगुळीत अहवाल तुमच्या हातात आला, तर तिच्या फाटकावरच्या कंत्राटी सुरक्षारक्षकाला तीन प्रश्न जरूर विचारा: पगार वेळेवर होतो का, पीएफ भरला जातो का, आणि आठवड्याची सुट्टी मिळते का?