समुद्री गोगलगाय बाटलीत का जगत नाही?

सातारा-सांगलीहून मालवणला गेलात की ओहोटीला खडकांमधली डबकी नीट बघा. बोटाच्या पेराएवढी, रंगीत, बिनशंखाची गोगलगाय दिसू शकते. हीच सी स्लग. बाटलीत भरून घरी न्यावीशी वाटेल, पण नेऊ नका! सोबत समुद्राचं पाणी नेलंत तरी ती बहुधा उपाशी मरेल. कारण यातल्या अनेक जाती एखादा ठरावीक स्पंज किंवा झुडपासारखा दिसणारा हायड्रॉइड नावाचा प्राणीच खातात. काही जाती तर हायड्रॉइडच्या डंखाच्या कुप्या न पचवता पाठीवर साठवतात आणि स्वतःच्या बचावाला वापरतात. म्हणजे जेवण आणि हत्यार, दोन्ही त्या खडकावरच! तिला राखायचं तर जागाच राखावी लागते. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तुम्ही फक्त फोटो काढा, उलटवलेला दगड होता तसा ठेवा.