जेसीबीने चर खोदताना: आधी रेघ, मग बकेट

आजचा विषय रोज रस्त्यावर दिसणारा. आपण सगळ्याच पिवळ्या मशीनना जेसीबी म्हणतो, पण जेसीबी हे कंपनीचं नाव. मशीन म्हणजे बॅकहो लोडर: पुढे माती भरायचं मोठं बकेट, मागे खोदायचा हात. पाइपलाइनचा चर खोदताना हा मागचा हात कसा चालवायचा, ते बघू.

काम सुरू होतं फक्कीने. आधी चराची रेघ आखायची. खालून वीज, पाणी, गॅस, फायबर काय गेलंय ते विचारायचं. त्यासाठी 2023 मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलंय. शंका असेल तिथे हाताने खोदून खात्री करायची. कोडमध्ये अनडू असतो, तुटलेल्या केबलला नसतो.

मग मशीन रेघेच्या सरळीत उभं करायचं, पुढचं बकेट जमिनीवर टेकवायचं, मागचे दोन पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, खाली सोडून मशीन लेव्हलला आणायचं. मशीन तिरकं असेल तर चरही तिरका होतो.

बकेट एकदम खोल घुसवायचं नाही. पातळ थर, लांब ओढ, असं थराथराने खाली जायचं. बकेट बाजूला घासून कडा कापू नका. हातावर ताण येतो. एक टप्पा झाला की मशीन पुढे घ्यायचं, खोदलेला चर मागे राहतो.

सांडपाण्याची लाइन असेल तर खालच्या टोकाकडून सुरुवात करा. 1:100 उतार म्हणजे 10 मीटरला 10 सेंटीमीटर. खोली सतत मोजा. जास्त खोदून सैल मातीने भरलं, तर ती नंतर बसते आणि पाइप झुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाइप जोडायला चरात माणूस उतरतो. एक घनमीटर मातीचं वजन साधारण दीड ते दोन टन, म्हणजे एका कारएवढं! छातीपर्यंत गाडला गेला तरी श्वास घेता येत नाही. म्हणून काढलेली माती काठावर रचायची नाही, लांब टाकायची. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर कडांना उतार द्या किंवा फळ्यांचा आधार लावा, आणि शिडी ठेवा. आपली काळी माती सुकली की भेगाळते, भिजली की सुटते. पाऊस पडून गेला की कडा पुन्हा तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. आणि माणूस आत असताना बकेट बंद.

तुमच्या गल्लीत, शेतात चर खोदला जात असेल, तर माती कुठे टाकतायत तेवढं नक्की बघा. काठावर ढीग दिसला तर बोला. भेटू पुढच्या भागात!