नाल्यातून माघारी येणारे पाणी

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नळदुर्गहून अलिबागपर्यंतचा प्रवास, वाटेतली भूरूपे, पिके, लोकांना विचारायचे प्रश्न. अनेक शाळांत हा पाठ बाकांवर बसूनच संपतो. त्याचा दोष मी शिक्षकांना देत नाही. ज्यांना कुणी कधी नकाशा हातात देऊन जमिनीवर उभे केले नाही, त्यांनी मुलांना कसे न्यावे? क्षेत्रभेट आधी शिक्षकांची व्हायला हवी. म्हणून आम्ही काही भूगोलशिक्षक कोल्हापूरच्या शाहूपुरीत जमलो.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेली पेठ, गुळाची म्हणून नावाजलेली. इथून पंचगंगा दिसत नाही. तरी २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कुंभार गल्लीत पाणी शिरले. ते आले कुठून?

उत्तर गणपती घडवणाऱ्या एका कारागिराने दिले. सोबतच्या बाईंनी विचारले, "काका, नदी इथवर येते?"

"नदी कुठली येतीया, बाई. नाल्यातनं पाणी माघारी येतंय."

जयंती नाला शहराचे पाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की संगमापाशी तिची पातळी नाल्यापेक्षा चढते, नाल्याचे पाणी तुंबते आणि नदीचे पाणी त्याच वाटेने उलटे शहरात शिरते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. मूर्तींचा ऐन हंगाम आणि पुराचे दिवस एकच. कच्च्या मातीच्या मूर्ती माळ्यावर चढवायची धावपळ तेव्हा घरोघर होते, हेही काकांनीच सांगितले.

आम्ही नकाशा उघडला. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशात लगतच्या दोन समोच्च रेषांत २० मीटर उंचीचे अंतर असते. गल्लीतला चार-पाच फुटांचा उतार त्यात उमटतच नाही. आम्ही नाल्यापासून चालत आलो तेव्हा तो पायांना कळला. वर्षानुवर्षे समोच्च रेषा फळ्यावर काढणारे एक सर तिथे बराच वेळ थांबून राहिले.

पुढे प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी इथे एक होऊन पंचगंगेत येते. यातले बरेचसे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले. गगनबावड्यात पावसाची मोजणी हजारो मिलिमीटरमध्ये, तर त्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळचा पाऊस अगदी माफक. पण पूर शिरोळच्याही वाट्याला येतो, कारण शिरोळ तालुक्यातच नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पन्हाळ्याचा जांभा आणि त्याखालचा बेसाल्ट पाहायला मात्र वेळ तोकडा पडला. तिथे स्वतंत्र दिवस हवा.

संध्याकाळी शाहूपुरीत परतून मुलांसाठीची प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली. सकाळी तिच्यात पहिला प्रश्न होता, "पुरात किती पाणी आले?" बाईंनी तो खोडून लिहिले, "पाणी कोणत्या बाजूने आले आणि घरातले आधी काय उचलले?"