तिळाभोवतीचे पांढरे कडे

आमच्या वर्ध्याकडे अंगावर पांढरट डाग दिसला की पहिली शंका कुष्ठरोगाची येते. अकरावीतल्या एका मुलाच्या मानेवर तिळाभोवती रुपयाएवढे पांढरे कडे उमटले, तेव्हा त्याच्या बाकावर कुणी बसेना. मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. त्याला चर्मरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी मुलाला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचे टोक त्या कड्यावर हलकेच टेकवले. ‘‘कुठे लागलं, दाखव.’’ त्याने नेमके तिथेच बोट ठेवले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा मंदावते. इथे ती शाबूत होती.

मग हे कडे कशाचे? तीळ म्हणजे मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा पुंजका. कधी कधी आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, त्यालाच शत्रू समजतात. त्या हल्ल्यात शेजारच्या रंगपेशीही मरतात.

आता उलट बाजू पाहा. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला पहारेकऱ्यांना आवरणारी औषधे घ्यावी लागतात. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड त्यांपैकीच. अशा काही रुग्णांच्या अंगावर नवे तीळ उठलेले आढळतात. त्यांना त्वचेच्या कर्करोगाचाही धोका वाढतो, म्हणून त्वचेवर नजर ठेवावी लागते.

एवढी जोखीम असेल तर असले औषध द्यावेच कशाला, असे तुम्ही विचाराल. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंत घर करतात. कित्येकदा उपचार सुरू असतानाच पहारेकरी एकदम खवळतात आणि चेतातंतू सुजतो. त्याचे वेष्टन फारसे ताणत नाही. जागा तेवढीच, आतला ऐवज जास्त, दाब वाढणारच. रक्त नीट पोचत नाही, हात बधिर होतो, बोटे वाकडी होतात. अशा वेळी प्रेडनिसोलोन लवकर मिळाले तर हात वाचू शकतो. या जातीचे कॉर्टिसोन अमेरिकेत फिलिप हेंच यांनी सांधेदुखीच्या रुग्णाला प्रथम दिले ते १९४८ साली. म्हणजे दत्तपूरच्या पहिल्या बारा वर्षांत कितीतरी बोटे वाकडी होताना नुसती पाहावी लागली असतील!

हे औषध मनाने सुरू करू नये, तसेच एकदम थांबवूही नये. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी असेच द्रव्य बनवतात. बाहेरून आयते मिळू लागले की त्या सुस्तावतात. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

त्या मुलाला औषधच लागले नाही. असा तीळ पुष्कळदा आपोआप विरतो, आणि त्वचेचा रंग पुढे काही वर्षांत परततो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाकावर बसूनच दाबाचा धडा घेतला.